साखर फार वाढते तेव्हा



गेल्या अंकात मी मधुमेही माणसाच्या पायांच्या जखमांविषयी लिहिले होते. ते वाचून दोन-तीन भगिनींनी पत्राने आणि फोनवर जवळजवळ एकच प्रश्न विचारला : "सिस्टर, आमच्याकडे यांची साखर चारशेच्या वर जाते, तरी चालतात, बोलतात, जेवतात. मग एवढे घाबरायचे कशाला?" प्रश्न प्रामाणिक आहे. त्याचे उत्तर मला पुस्तकातून कळले होते, पण समजले ते दोघींमुळे. एक आमच्या पाड्यावरची मुलगी आणि दुसरी माझी आई.

आधी मुलीचे सांगते. सातपुड्यातला, अक्राणी तालुक्याच्या बाजूचा पावसाळा तुमच्यापैकी जे येऊन गेले त्यांनी पाहिला आहे. नाला भरला की १०८ची गाडी पलीकडेच थांबते. त्या दिवशी दुपारी चारच्या सुमारास चौघे जण बांबूला बांधलेली झोळी घेऊन दवाखान्याच्या ओट्यावर आले. झोळीत अकरा-बारा वर्षांची मुलगी होती. वजन नंतर केले, चोवीस किलो भरले. डोळे खोल गेलेले, जीभ कोरडी खरखरीत. पण माझे लक्ष गेले ते तिच्या श्वासाकडे. डोंगर चढून आल्यावर आपण जसा खोल आणि भराभर श्वास घेतो तसा ती पडल्या पडल्या घेत होती.

बाप म्हणाला, "बाई, पोट दुखतंय, दोन दिवस उलट्या आहेत. पोरीला बाहेरचं लागलंय." भगताकडे नेऊन झाले होते. बाजाराच्या गावी कोणीतरी सुई टोचली होती आणि 'अशक्तपणाची बाटली'ही लावली होती. ती बाटली ग्लुकोजची होती, हे नंतर कळले.

मला आधी मलेरिया वाटला. मग श्वासामुळे न्यूमोनिया वाटला, पण छातीत काही ऐकू येईना. तेवढ्यात झोळी आणणाऱ्यांपैकी एक तरुण संकोचत म्हणाला, "हिला कोणी मोहाची पाजली की काय? तोंडाला वास येतो." मी वाकून पाहिले. वास होता खरा, पण दारूचा नव्हता. फार पिकून उतरलेल्या फळासारखा होता. हा वास मी प्रशिक्षणाच्या काळात एकदा घेतला होता. बोटातून थेंब काढला आणि मीटरला लावला.

मीटरवर आकडा आलाच नाही. 'एच' आणि 'आय' ही दोन इंग्रजी अक्षरे आली. आमच्या नव्या मदतनीस मुलीला वाटले यंत्र बिघडले, तिने दुसरी पट्टी लावली. पुन्हा तेच. ज्यांच्या घरी मीटर आहे त्यांनी हे लक्षात ठेवावे : ती दोन अक्षरे म्हणजे बिघाड नव्हे, साखर यंत्राच्या मोजण्यापलीकडे गेली आहे. बहुतेक मीटर सहाशेपर्यंतच मोजतात.

आता हे शरीरात कसे घडते ते जरा सावकाश सांगते, कारण सगळे त्यावरच आहे. निरोगी मोठ्या माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून साधारण एक लहान चमचाभर साखर असते. सहाशेला ती सहा चमचे होते. पण ती असते रक्तात, आणि भूक असते पेशींना. साखर पेशीत शिरायला इन्सुलिन लागते. ते नसेल तर कणगी धान्याने भरलेली आणि घरात मात्र उपास, अशी स्थिती होते. म्हणून ही मुलगी तीन आठवडे दुप्पट जेवत होती आणि वाळत होती.

साखर साधारण १८०च्या पुढे गेली की मूत्रपिंडांना ती अडवता येत नाही, ती लघवीत उतरते. आणि साखर एकटी जात नाही. पाणी ओढून नेते, पाण्याबरोबर क्षार नेते. मग तहान लागते, माणूस पितो, पुन्हा लघवी. आश्रमशाळेत ही मुलगी अंथरूण ओले करू लागली होती आणि बाकीच्या मुली तिला हसत होत्या. घरी आणल्यावर लघवीच्या जागी मुंग्या जमत, हे तिच्या आईने पाहिले होते. आपल्या जुन्या वैद्यांनी हेच पाहून या रोगाला मधुमेह नाव दिले. आईने पाहिले, पण त्याचा अर्थ सांगणारे तिच्याजवळ कोणी नव्हते.

इन्सुलिन अगदीच नसेल तर पुढची पायरी येते. उपाशी पेशी चरबी जाळू लागतात. त्या जळण्यातून कीटोन नावाची द्रव्ये तयार होतात आणि रक्त आंबट होते, म्हणजे त्यातले आम्ल वाढते. पोटात दुखते, उलट्या होतात. शरीर ते आम्ल श्वासावाटे बाहेर टाकायला धडपडते, म्हणून तो खोल, जोराचा श्वास. १८७४ साली कुसमाउल नावाच्या जर्मन डॉक्टरांनी त्याचे वर्णन केले, आणि आजही तो श्वास त्यांच्याच नावाने ओळखला जातो. फळासारखा वास येतो तो कीटोनचा. उलट्या सुरू झाल्या की पाणी पोटात टिकत नाही आणि लघवी तर थांबत नाही. तिथून पुढे प्रश्न दिवसांचा राहत नाही, तासांचा होतो.

आम्ही तिला मिठाचे सलाईन सुरू केले. या आजारात पहिले औषध पाणी आणि मीठ आहे, इन्सुलिन दुसरे. मोठ्या माणसाच्या शरीरातून अशा वेळी पाच-सहा लिटर पाणी गेलेले असते. पण लहान मुलाला घाईने भरून काढता येत नाही, मेंदूला सूज येऊ शकते. शिवाय इन्सुलिन दिले की रक्तातले पोटॅशियम झपाट्याने पेशींत जाते. ते फार उतरले तर हृदय थांबू शकते. दर तासाला साखर आणि काही तासांनी रक्त तपासण्याची सोय लागते. ती आमच्याकडे नाही. म्हणून "इथेच बरी करा" अशी बापाची विनवणी असूनही संध्याकाळी नाल्याचे पाणी उतरताच तिला जिल्ह्याच्या रुग्णालयात हलवले. वाटेत मी तिच्या शेजारी बसून श्वास मोजत होते. सहा दिवसांनी ती चालत घरी आली.

शंभर वर्षांपूर्वी ती आली नसती. १९२२च्या जानेवारीत कॅनडातल्या टोरांटो शहरात लिओनार्ड थॉम्पसन नावाच्या चौदा वर्षांच्या मुलाला जगात पहिल्यांदा इन्सुलिन टोचले. त्याचे वजन तीसेक किलोच उरले होते. पहिली सुई फारशी उपयोगी पडली नाही. अर्क अधिक शुद्ध करून बारा दिवसांनी पुन्हा दिला तेव्हा त्याची साखर उतरली, कीटोन गेले. त्याआधी अशा मुलांना डॉक्टर जवळजवळ उपाशी ठेवत, तेवढेच काही महिने जास्त मिळत. बँटिंग आणि त्यांच्या सोबत्यांनी या शोधाचे हक्क विद्यापीठाला नाममात्र एका डॉलरला दिले. आमच्या मुलीला आता रोज जी सुई लागते ती जन्मभर लागणार आहे. ती सुई म्हणजे तिचे बंद पडलेले स्वतःचे इन्सुलिन आहे. म्हणून ती 'बरे वाटल्यावर' बंद करता येत नाही.

हे समजावण्यात आमचा सगळा पावसाळा गेला. शीशी ठेवायला शीतकपाट नाही, म्हणून ओल्या वाळूत माठ बसवून त्यात छोटी डबी ठेवायला शिकवले. आई निरक्षर आहे, पण सिरिंजवरची दहाची खूण ओळखायला शिकली. एवढे सगळे जमले, आणि चुकले भलत्याच ठिकाणी.

वसतिगृहात सुई कोण देणार, या भीतीने शाळेने मुलीला घरी पाठवले. दिवाळीनंतर आईबाप ऊसतोडीला गुजरातेत निघाले, तिलाही सोबत नेले. होळीला आमच्याकडची माणसे कुठेही असली तरी परततात. तशी तीही परतली, पण पुन्हा वाळलेली, पुन्हा सारखी पाणी मागणारी, आणि त्या सकाळी एक उलटी झालेली. साखर ४३०. आई शपथेवर सांगत होती, "एक दिवस चुकवला नाही, दहाच्या खुणेपर्यंतच भरते." मी आधी विश्वास ठेवला नाही, याची आज लाज वाटते. मग तिने पिशवीतून सिरिंज काढली. तिला केशरी टोपण होते.

इथे थांबून सांगते, कारण हे शहरातल्या घरांतही घडते. आपल्याकडे इन्सुलिनच्या शीश्या बहुधा चाळीसच्या ताकदीच्या असतात, म्हणजे एका मिलिलिटरमध्ये चाळीस युनिट. त्यांच्या सिरिंजला लाल टोपण असते. शंभरच्या ताकदीच्या इन्सुलिनची सिरिंज वेगळी, तिला केशरी टोपण. चाळीसचे इन्सुलिन केशरी सिरिंजने दहाच्या खुणेपर्यंत भरले तर अंगात चारच युनिट जातात. उलट शंभरचे इन्सुलिन लाल सिरिंजने भरले तर दहाच्या जागी पंचवीस जातात, आणि साखर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो. तळावरच्या लाल सिरिंजा संपल्या, दुकानदाराने हाताशी होती ती दिली. चार महिने ती आई रोज निष्ठेने निम्म्याहून कमी औषध देत होती. तुमच्या घरात कोणी शीशीतून इन्सुलिन घेत असेल तर हा अंक खाली ठेवून आत्ताच शीशीवरचा आकडा आणि टोपणाचा रंग पाहून या. पुढचे नंतर वाचा.

आता आईविषयी.

आई नगरला धाकट्या भावाकडे राहायची. वय चौऱ्याहत्तर. बारा-तेरा वर्षे मधुमेहाच्या गोळ्या चालू होत्या, कधी काही गंभीर झाले नव्हते. मे महिन्यात तिला लघवीचा संसर्ग होऊन ताप आला. जेवण जाईना, म्हणून तिने गोळ्याही सोडल्या : "पोटात अन्न नाही तर गोळी कशाला?" ऊन फार, म्हणून घरच्यांनी प्रेमाने उसाचा रस दिला, पन्हे दिले. मी रोज संध्याकाळी फोन करायची. रोज विचारायची, "आई, जेवलीस का?" पाणी किती प्यायलीस, लघवीला किती वेळा गेलीस, साखर केव्हा पाहिली, यातले एकही विचारले नाही. ती म्हणायची, "नुसती झोप येते गं." वय झाले, ऊन आहे, ताप आहे, असे मी मनाशी म्हणायची. मी, जी पाड्यापाड्यांवर या आजाराचे धडे देत फिरते!

आठव्या-नवव्या दिवशी ती असंबद्ध बोलू लागली आणि एक हात लुळा पडल्यासारखा झाला. अर्धांगवायू समजून भावाने रुग्णालयात नेले. साखर निघाली ९८०. उलटी नव्हती, श्वास जोराचा नव्हता, कसला वास नव्हता, कीटोन नव्हते. वयस्क माणसांत बऱ्याचदा शरीराचे थोडे इन्सुलिन शिल्लक असते. ते चरबीचे जळणे रोखायला पुरते, पण साखर रोखायला पुरत नाही. म्हणून धोक्याची घंटा वाजतच नाही. माणूस दिवसेंदिवस आतून सुकत जातो. म्हातारपणी तहानही नीट लागत नाही. रक्त घट्ट होते, मेंदू मंदावतो. आठ-दहा लिटर पाणी कमी पडलेले असू शकते. मुलीला झालेल्या प्रकारापेक्षा या प्रकारात मृत्यू कितीतरी जास्त होतात, हे मला पाठ होते. आई तिसऱ्या दिवशी गेली.

पत्र लिहिणाऱ्या भगिनींना माझे उत्तर हे आहे. चारशे साखर घेऊन चालणारा-बोलणारा माणूस पाण्याच्या जोरावर चालत असतो. तो तहान लागेल तेवढे पितो आहे, पोटात टिकते आहे, म्हणून तोल सांभाळला जातो. ज्या दिवशी ताप येईल, जुलाब-उलटी होईल, पायाची जखम चिघळेल, किंवा नुसते उठून पाणी घ्यायचे त्राण राहणार नाही, त्या दिवशी तो आधार सुटतो. तोपर्यंत साखरेने डोळे, मूत्रपिंडे, नसा यांचे नुकसान चालवलेलेच असते, पण तो निराळा पाठ आहे.

आजारपणात काय करावे? इन्सुलिन घेणाऱ्याने जेवण गेले नाही तरी इन्सुलिन पूर्ण बंद करू नये. तापात शरीराला बहुधा अधिकच लागते. मात्रा किती, हे डॉक्टरांना फोन करून विचारावे, अंदाजाने वाढवू नये. दर चार तासांनी साखर पाहावी. तासाला पेलाभर पाणी, मधूनमधून मीठ घातलेले पातळ ताक किंवा डाळीचे पाणी द्यावे. उसाचा रस, थंड पेये, ग्लुकोजची पूड नको. गोळ्यांबाबत मात्र निराळे आहे : मेटफॉर्मिन, आणि ज्यांच्या नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' येते त्या गोळ्या उलट्या-जुलाबात किंवा पोट रिकामे असताना काही दिवस थांबवाव्या लागू शकतात. ग्लिफ्लोझिन घेणाऱ्याला साखर जेमतेम दोनशे असतानाही कीटोन वाढू शकतात. त्यामुळे उलटी आणि जोराचा श्वास असेल तर मीटरच्या बऱ्या आकड्यावर विसंबू नये. पाणी पोटात टिकत नसेल, गुंगी असेल, श्वास खोल चालला असेल, किंवा मीटरवर ती दोन अक्षरे आली असतील, तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. कोणी 'अशक्तपणाची बाटली' लावायला निघाले तर हात धरून आधी साखर तपासायला लावावी.

एक उलट गोष्टही सांगायला हवी. मधुमेही माणूस घामाघूम होऊन गोंधळला असेल, जवळ मीटर नसेल आणि त्याला गिळता येत असेल, तर साखर द्यावी. साखर एकदम उतरली तर काही मिनिटांत जीव धोक्यात येतो, आणि साखर वाढलेलीच असेल तर दोन चमच्यांनी फारसे बिघडत नाही. बेशुद्ध माणसाच्या तोंडात मात्र काहीही घालू नये.

आमच्या भागात आणखी एक प्रकार दिसतो : तिशीच्या आतले, हाडकुळे, लहानपणापासून अर्धपोटी वाढलेले लोक, साखर साडेतीनशे-चारशे, आणि कीटोन नाहीत. मधुमेह म्हणजे खात्यापित्या घरचा रोग, या समजुतीमुळे यांची तपासणीच होत नाही. कुपोषणाशी जोडलेल्या या मधुमेहाचे वर्णन १९५५ साली जमैकातून झाले होते. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी तो निराळा असल्याचे २०२२ साली दाखवले, आणि आंतरराष्ट्रीय मधुमेह महासंघाने एप्रिल २०२५मध्ये त्याला 'टाइप ५' म्हणून मान्यता दिली. यांना इन्सुलिन जास्त दिले तर धोका उलट्या बाजूने येतो, कारण घरात पुढचे जेवण नक्की नसते.

शेवटी एक अवघड गोष्ट, जरा चाचरतच लिहिते. मुलीला भगताकडे नेले हे वाचून काहींनी मान हलवली असेल. पण आपल्या मंडळ्यांतही प्रार्थनेनंतर "आता देवाने बरे केले" म्हणून इन्सुलिन सोडलेली माणसे मी पाहिली आहेत. उपवासाच्या काळात कोणाला न सांगता सुई बंद ठेवणारेही पाहिले आहेत. प्रार्थना मीही करते, त्या रात्री गाडीत अखंड करत होते. पण पाळकसाहेबांना माझी विनंती आहे : आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवाल तेव्हा "औषध चालू आहे ना?" एवढे विचारा. ते तुमच्या तोंडून ऐकले तर लोक मानतात. आम्ही शंभरदा सांगितलेले ते मानत नाहीत.

मुलगी यंदा पुन्हा शाळेत आहे. अधीक्षिका स्वतः सुई द्यायला शिकल्या आणि स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात वाळूचा माठ बसला. दर मंगळवारी ती आकड्यांची वही दाखवायला येते. मागच्या मंगळवारी एका रकान्यात ३१० होते. मी विचारले, तर खाली बघून म्हणाली, "शनिवारी मैत्रिणीने चिक्की दिली." मग लगेच, "पण बाई, पाणी प्यायले, आणि रात्री पुन्हा पाहिली. दोनशे होती." वही बंद करून तिने लाल टोपणाच्या सिरिंजा मोजून घेतल्या. एक केशरी निघते का, हे ती प्रत्येक वेळी पाहते.